गळतंय कुठं, झिजलंय कुठं?

सकाळी अंगणात रांगोळी काढायला बसले, तर फरशीवर पुन्हा तेलाचा काळा डाग! आमची काळी-पिवळी जीप जिंतूर-परभणी धावते. मीटरवर 3 लाख किलोमीटर कधीच उलटून गेले. हे म्हणाले, "काही नाही गं, गिअरबॉक्सचं सील गेलंय. टाकू नवीन."

मैत्रिणींनो, गाडी ह्यांची असली तरी हिशोबाची वही माझ्याकडे असते. पानं उलटून बघितली. आठ महिन्यांत दोनदा सील, दोनदा मजुरी आणि वरून ओतलेलं तेल वेगळंच. स्टँडवरची मंडळी म्हणत होती, "अख्खा गिअरबॉक्स खोलून बांधून घ्या." म्हणजे 18-20 हजार, शिवाय चार दिवस गाडी उभी.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. बाई म्हणून मला त्याचा आनंदच. पण तेव्हापासून आमच्या जीपच्या सीटा रिकाम्या राहू लागल्या, हेही खरं. त्यात जूनमध्ये लेकीची फी. सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या पाटल्या आहेत की." ते ऐकलं आणि ठरवलं, या वेळी गॅरेजला मीपण जाणार.

मला बघून मिस्त्रींना जरा नवल वाटलं. मी सरळच विचारलं, "सील सारखं सारखं जातंय कशानं?"

मिस्त्री हसले. "वहिनी, तुम्ही कुकरची रिंग बदलता ना? झाकणाची कडाच वाकली असेल, तर नवी रिंग किती दिवस टिकणार?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. सील म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवतीची रबरी रिंग. रबर उन्हातापानं, वयानं कडक होतं आणि गळतं. तेवढंच असेल तर नवं सील पुरे. पण दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो तेच झिजलं, की दांडा हलतो आणि नव्या सीलाचीही वाट लावतो. कधी दोष याहून साधा असतो. गिअरबॉक्सला हवा जायला एक छोटं तोंड असतं. ते चिखलानं बुजलं, की आत दाब वाढतो आणि तेल सीलामधून बाहेर पडतं. कुकरची शिट्टी बुजल्यासारखंच! आपल्याकडची काळ्या मातीची वाट पावसाळ्यात गाडीला कशी माखते, ते सांगायला नको.

"आधी तोंड साफ करून, तेल काढून बघू. मग ठरवा," मिस्त्री म्हणाले.

तोंड मोकळंच निघालं. तेल ताटलीत काढलं. तळाच्या बोल्टाच्या लोहचुंबकाला बारीक काळी पेस्ट लागली होती. इतकी झीज चालतेच, म्हणे. पण तेलात पितळेची पिवळी चमक होती. म्हणजे गिअर पडताना जुळवून घेणाऱ्या रिंगा झिजलेल्या. दुसरा गिअर टाकताना करकर का व्हायची, ते तेव्हा कळलं. मिस्त्रींनी मागचा दांडा हातानं वर-खाली केला, तर तो चक्क हलला. तिसरं सील टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणंच होतं.

भंगारातून जुना गिअरबॉक्स आणायचा पर्याय होता. स्वस्तही पडला असता. पण तो किती चाललाय, कुणी कसा चालवलाय, कोण सांगणार? शेवटी मी ह्यांना विचारलं, "अजून किती वर्षं ही गाडी ठेवायची?" हे म्हणाले, "चार-पाच तरी." इंजिन धड होतं, तेव्हा बांधूनच घ्यायचं ठरलं. सहा महिन्यांत विकायची असती, तर तेलाची पातळी राखत ढकलली असती.

खोलल्यावर गिअरचे दात चांगले निघाले. ते तसेच ठेवले. बेअरिंग, रिंगा आणि सगळी सीलं बदलली. बदललेला माल परत मागून घेतला, बिल लिहून घेतलं. 14 हजारांत भागलं. पैसे बचत गटातून उचलले. पाटल्या सासूबाईंच्या हातातच राहिल्या.

तुमच्याकडे रिक्षा असो, टेम्पो असो की ट्रॅक्टर, गळती दिसली की रात्री खाली पुठ्ठा ठेवा. डाग कुठं पडतो, किती पडतो, ते कळेल. तेलाची पातळी लगेच बघायला सांगा. तेल कमी असताना गाडी चालवली, तर चांगले गिअरही जळतात. गळणारं तेल क्लचवर जात असेल, तर एक दिवसही थांबू नका. आणि "टाका सील" किंवा "बांधा सगळं" म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. तेलात काय निघालं? दांडा हलतो का? गिअर आपोआप निसटतो का?

आमच्या अंगणात लेक रोज सकाळी जीपखालचा पुठ्ठा बघते. कोरडा असला की तिथूनच ओरडते, "आई, काढ रांगोळी!"