पंचेचाळीस डब्यांचं गाव

सबमिशनच्या आदल्या रात्री पेन संपला की आपण काय करतो? मी तरी तो डस्टबिनमध्ये टाकतो आणि विसरतो. पुढे त्या पेनाचं काय होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मग पर्यावरण विषयाच्या असाइनमेंटला 'कचरा व्यवस्थापन' हा टॉपिक माझ्या गळ्यात पडला (खरं सांगायचं तर सगळ्यांनी निवडून उरलेला!) आणि वाचता वाचता जपानमधल्या एका डोंगरी गावाची गाठ पडली. असाइनमेंट कधीच सबमिट झाली, पण ते गाव काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेखप्रपंच.

गावाचं नाव कामिकात्सु. जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत छोटं बेट शिकोकु, त्यातल्या तोकुशिमा जिल्ह्यात हे गाव आहे. तोकुशिमा शहरातून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. कागदोपत्री हे 'नगर' आहे, पण २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली फक्त १३८० ! म्हणजे एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात याहून जास्त पोरं असतात. क्षेत्रफळ मात्र सुमारे ११० चौरस किलोमीटर, आणि त्यातला ८५ टक्क्यांहून अधिक भाग जंगल. डोंगरउतारावर विखुरलेल्या छोट्या छोट्या वाड्या, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, आणि उन्हाळ्यात पानं उकळून, पिंपात आंबवून केला जाणारा 'आवा बांचा' नावाचा आंबूस चहा. निम्म्याहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची.

१९५५ साली दोन खेडी एकत्र करून हे नगर झालं तेव्हा इथे सहा हजारांवर लोक राहत होते. लाकूड आणि 'मिकान' ही संत्र्याच्या जातीची फळं, यावर सगळ्यांचं पोट. मग परदेशी लाकूड स्वस्तात यायला लागलं, तरुण पोरं शहराकडे निघाली, आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये अशी कडाक्याची थंडी पडली की मिकानच्या बागा उभ्या जळून गेल्या. गावाचं मुख्य पीक गेलं. उरले कोण? बहुतेक आज्या आणि आजोबा.

पानांचे पैसे

तेव्हा गावात तोमोजी योकोइशी नावाचा एक तरुण शेती सहकारी संस्थेत सल्लागार होता. १९७९ साली वयाच्या विसाव्या वर्षी तो शहरातून इथे आला होता. एकदा ओसाकातल्या एका हॉटेलात तो जेवत असताना शेजारच्या टेबलावरच्या मुली ताटात सजावटीला ठेवलेलं मेपलचं पान बघून हरखून गेल्या. एकीने तर ते रुमालात गुंडाळून सोबत घेतलं! याच्या डोक्यात चक्र फिरलं : अशी पानं तर आपल्या गावात ढिगाने पडलेली असतात.

जपानी स्वयंपाकात ताटात ऋतूप्रमाणे पानं-फुलं मांडायची पद्धत आहे, त्यांना 'त्सुमामोनो' म्हणतात. आपण नाही का दसऱ्याला आपट्याची पानं बाजारातून विकत आणत? तसंच. पण गावकऱ्यांना हे पटेना. जपानी लोककथांमध्ये पानांचे पैसे करून माणसाला फसवणारा 'तानुकी' नावाचा प्राणी असतो, त्यातलाच हा प्रकार वाटला त्यांना. अखेर १९८६ मध्ये फक्त चार शेतकरी तयार झाले. पहिल्या वर्षीची विक्री ११ लाख ६० हजार येन, म्हणजे एवढ्या खटपटीच्या मानाने काहीच नाही. पानं ताजी होती, पण कुठल्या ताटाला किती मोठं पान लागतं, कुठला ऋतू किती दिवस आधी सुरू होतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग योकोइशी स्वतःच्या खिशातले पैसे घालून महागड्या हॉटेलांत जेवायला बसू लागला आणि ताटं बघून शिकू लागला. इंजिनिअरिंगच्या भाषेत यालाच 'स्पेसिफिकेशन' म्हणतात, बरं का!

पुढची गोष्ट आपल्या कॉम्प्युटरवाल्यांनी जरूर वाचावी. हॉटेलची ऑर्डर येते ऐन वेळी, आणि आज्या राहतात डोंगरभर विखुरलेल्या. १९९२ मध्ये गावाच्या आपत्ती-सूचनेच्या रेडिओ यंत्रणेवरून घरोघरी फॅक्स पाठवायची सोय केली. १९९९ मध्ये 'इरोदोरी' ही कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास घरोघरी कॉम्प्युटर आले. साठी-सत्तरीच्या बायकांना माऊस जमेना, तर माऊसच्या जागी मोठा ट्रॅकबॉल दिला, कीबोर्ड सोपा केला. आणि सर्वांत भारी कल्पना म्हणजे विक्रीत आपला नंबर कितवा, हे प्रत्येकीला स्वतःच्या स्क्रीनवर दिसायचं. मग काय, आज्या सकाळी उठल्या उठल्या आधी कॉम्प्युटर लावायच्या! ऑर्डर जी आधी पकडेल तिची. पुढे तीनशेहून जास्त प्रकारची पानं-फुलं विकली जाऊ लागली आणि वर्षाची विक्री २६ कोटी येनपर्यंत पोचली.

सॉफ्टवेअर काही जगावेगळं नव्हतं. पण ते वापरणारी बाई कोण आहे, तिचे हात कसे आहेत, तिला कशाने हुरूप येतो, याचा विचार आधी झाला होता.

घंटागाडी नसलेलं गाव

आता मूळ विषय, कचरा. इतर अनेक खेड्यांसारखा कामिकात्सुतही १९९० च्या दशकापर्यंत कचरा उघड्यावर जाळला जाई. १९९८ मध्ये गावाने दोन छोटी भस्मीकरण यंत्रं बसवली, पण २००० सालीच ती बंद करावी लागली. कारण होतं डायऑक्सिन. क्लोरीन असलेला कचरा (उदाहरणार्थ पीव्हीसी) अर्धवट जळला, की हे अत्यंत विषारी संयुग तयार होतं. ते टाळायचं तर भट्टीचं तापमान सतत ८०० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं आणि निघणारा वायू झटपट थंड करायचा. मोठ्या प्लांटला हे जमतं. थोडा थोडा, तोही ओला कचरा येणाऱ्या छोट्या भट्टीला नाही जमत. जपानने डायऑक्सिनचा कायदा कडक केला आणि गावाची भट्टी त्यात बसेना. नवीन प्लांटला पैसे नाहीत, बाहेर पाठवावं तर त्याचाही खर्च भरमसाट.

मग एकच मार्ग उरला : जाळायला लागू नये इतकं वेगवेगळं करायचं. ओल्या कचऱ्याचं खत घरीच करायचं, त्यासाठी कंपोस्टच्या डब्यांना आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रांना अनुदान मिळायचं. बाकीचा सगळा कचरा प्रत्येकाने स्वतः धुऊन, वाळवून केंद्रावर आणून द्यायचा. घंटागाडी नाहीच! ज्या वृद्धांकडे गाडी नाही, त्यांच्यासाठी मात्र घरून उचलायची सोय आहे. १९९७ मध्ये ९ गट होते, २००१ मध्ये तीसच्या पुढे गेले आणि २०१६ मध्ये तब्बल ४५ झाले. अॅल्युमिनियमचे डबे वेगळे, लोखंडी वेगळे, स्प्रेचे वेगळे. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे. वर्तमानपत्र, पुठ्ठा, दुधाचा कागदी खोका, आतून चंदेरी थर असलेला खोका, सगळे आपापल्या डब्यात. बाटलीचं टोपणसुद्धा बाटलीबरोबर जात नाही.

मला सर्वांत आवडल्या त्या डब्यांवरच्या पाट्या. हा माल इथून कुठे जातो, त्याचं काय बनतं, आणि किलोमागे गावाला पैसे मिळतात की गावाला पैसे मोजावे लागतात, हे तिथे लिहिलेलं असतं. आपला रद्दीवाला हा हिशोब तोंडपाठ जाणतो. कामिकात्सुने तो अख्ख्या गावाला शिकवला.

२००३ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉल कॉनेट यांच्या सल्ल्यानंतर गावाने 'झिरो वेस्ट' जाहीरनामा काढला. असं करणारं हे जपानमधलं पहिलं गाव. २०२० पर्यंत जाळणं आणि पुरणं शून्यावर आणायचं, असं ध्येय ठेवलं. लोकांनी खुशीखुशी हे स्वीकारलं असं समजू नका. कटकट सगळ्यांनाच वाटली. वाडीवाडीत बैठका घेऊन समजवावं लागलं. पण पुनर्वापराचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास पोचलं. सगळ्या जपानची सरासरी २० टक्के आहे, म्हणजे बघा!

उरलेले वीस टक्के

२०२० उजाडलं, पण शून्य काही आला नाही. प्रमाण ८० च्या आसपासच अडकून राहिलं. मी इथे जरा थबकलो. एवढं घासून-पुसून, एवढ्या डब्यांत टाकूनही हे वीस टक्के का उरावेत?

त्यात काय काय असतं ते पाहिलं आणि मटेरियल सायन्सचा पेपर आठवला. लहान मुलांचे आणि वृद्धांचे डायपर : कागदाचा लगदा, पाणी शोषणारं पॉलिमर आणि प्लास्टिकचं कापड एकमेकांत घट्ट बसवलेलं. बूट : चामडं, रबर, फोम, सगळं गोंदाने चिकटवलेलं. रबर : व्हल्कनायझेशनमध्ये साखळ्या एकमेकींशी जोडल्या गेल्या की ते प्लास्टिकसारखं वितळवून पुन्हा ओतता येत नाही. आणि आपलं पीव्हीसी. हे वेगळं करणं कितीही कष्टाळू आजीच्या हातात नाही, कारण एकदा जोडलं की सुटू नये असंच ते बनवलेलं आहे. बनवलंय कोणी? आपल्यासारख्या इंजिनिअर लोकांनी!

कामिकात्सुने हे ओळखलं. २०२० मध्ये तिथे नवं केंद्र उभं राहिलं. वास्तुविशारद हिरोशी नाकामुरा यांनी त्याचा आकार वरून पाहिला तर प्रश्नचिन्हासारखा ठेवला आहे. स्थानिक लाकूड आणि घराघरांतून आणलेली सुमारे ७०० जुनी दारं-खिडक्या वापरून ते बांधलं. नको असलेल्या पण चांगल्या वस्तू ठेवून जायचं आणि हवी ती फुकट न्यायचं दुकान तिथे आहे. छोटं हॉटेलसुद्धा आहे. तिथे पाहुण्याने आपल्याला लागेल तेवढाच साबण कापून घ्यायचा आणि स्वतःचा कचरा स्वतः वेगळा करायचा. केंद्राचं नावच 'व्हाय', म्हणजे 'का?'. हा प्रश्न दोघांना आहे. घेणाऱ्याला : हे का घेतलंस? आणि बनवणाऱ्याला : हे असं का बनवलंस? त्याच वर्षी गावाने २०३० साठी नवा जाहीरनामाही काढला.

आता कुणी म्हणेल, चौदाशे माणसांचं गाव, तिथे जमलं म्हणून काय झालं? मुद्दा बरोबर आहे. पंचेचाळीस डब्यांची पद्धत लाखोंच्या शहरात जशीच्या तशी चालणार नाही. आणि एवढं नाव होऊनही गावाची लोकसंख्या कमीच होत चालली आहे, हेही खरं. वीस वर्षांनी तिथे डबे भरायला किती हात उरतील, कोण जाणे. पण त्यांनी एक प्रयोग शेवटपर्यंत नेऊन दाखवला. वापरणारा माणूस जीव तोडून कुठपर्यंत जाऊ शकतो, तो आकडा आता आपल्याला माहीत आहे. सुमारे ८० टक्के. पुढचं काम ड्रॉइंग बोर्डवरच व्हायला हवं.

काल पुन्हा माझा पेन संपला. सहज उघडून बघायला गेलो, तर उघडेचना. 'यूज अँड थ्रो' होता, टोक आणि बॉडी कायमची जोडलेली. दुसरा एक होता जुना, फिरवला की सुटणारा : प्लास्टिक वेगळं, स्प्रिंग वेगळी, रिफिल वेगळी. दोन्ही लिहितात सारखेच. फरक होता तो फक्त कुणीतरी डिझाइन करताना काढलेल्या चार आट्यांचा.

उद्या त्या खुर्चीवर आपण बसणार आहोत. तेव्हा आटे काढायला विसरू नका, मित्रांनो!