नदीचं गणित आणि ओलं लाकूड

मागच्या वेळी आपण अनुमानापर्यंत आलो होतो. धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे न्यायशास्त्रातलं घासून घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. ते उलटं करायला गेलं की माणूस फसतो. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालभडक गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायचा तर लाकूड ओलं लागतं. ही जी न सांगितलेली, गुपचूप मागे उभी असलेली अट, तिला नैयायिकांनी ‘उपाधी’ असं नाव दिलं. गंमत अशी की ज्याच्या चुलीत जन्मभर ओली लाकडंच गेली, त्याला ही उपाधी कधी दिसायचीच नाही. तो शपथेवर सांगेल, अग्नी म्हणजे धूर.

आज ही उपाधी घेऊन आपल्याला एका नदीवर जायचं आहे. पाणी, जंगल, मासे यांचं व्यवस्थापन करणाऱ्या माणसांना हवामान-बदलाशी जुळवून घेता यावं म्हणून शास्त्रज्ञ काही साधनं तयार करतात. त्यावर आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी काय बोलायचं, असं विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण या साधनांच्या पोटात आपलाच जुना प्रश्न बसलेला आहे: कालपर्यंत जे घडलं त्यावरून उद्याचं सांगायचं, ते कशाच्या जोरावर?

नदी आहे अमेरिकेतली कोलोरॅडो. रॉकी पर्वतातल्या बर्फावर जगणारी, वाळवंटातून वाहत मेक्सिकोत जाणारी. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी सांता फे गावी सात राज्यांच्या प्रतिनिधींनी तिच्या पाण्याच्या करारावर सह्या केल्या. वरच्या खोऱ्यातली राज्यं चार: कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, न्यू मेक्सिको. खालची तीन: कॅलिफोर्निया, अॅरिझोना, नेवाडा. वरच्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्यांना तितकंच. एकर-फुटात आपल्याला काही अंदाज येत नाही, म्हणून टीएमसीत सांगतो. प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी. पुढे १९४४च्या तहानं मेक्सिकोला आणखी ६५ टीएमसी देण्याचं ठरलं. एकूण झाले ७१९. कोयनेचा साठा साधारण १०५ टीएमसी धरा, म्हणजे जवळजवळ सात कोयना धरणं, दरवर्षी.

हे पाणी नदीत आहे हे कशावरून ठरवलं? हाताशी असलेल्या मोजणीवरून. आणि मोजणी होती जेमतेम दोन-अडीच दशकांची. ई. सी. लारू नावाचा सरकारी जलशास्त्रज्ञ सांगत होता की नदीचा खरा येवा यापेक्षा कमी आहे. त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. वाटपाला बसलेल्या माणसाला मोठा आकडा नेहमीच आवडतो. सगळ्यांना खूश करता येतं. आणखी एक गोष्ट. या खोऱ्यात आज सरकारमान्य अशा ३० आदिवासी जमाती आहेत. त्या टेबलापाशी त्यांच्यापैकी कुणीही नव्हतं.

आता पहिलं साधन. ते आहे झाड.

अॅरिझोनात ए. ई. डग्लस नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचं चक्र पृथ्वीवर कुठे उमटतं का, हे शोधता शोधता ते झाडांच्या वलयांकडे वळले, आणि १९३७मध्ये टुसॉनच्या विद्यापीठात वलय-संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. कल्पना साधी आहे. कोरड्या उतारावरचं पाइनचं झाड पाण्यावाचून तगून असतं. बरं वर्ष आलं की वलय रुंद, दुष्काळ पडला की अरुंद. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची. झाड मरत नाही. मग या झाडाची वलयं त्या झाडाच्या वलयांशी जुळवायची, जुन्या चोपड्यांची सुटी पानं तारखा लावून जुळवावीत तशी. जिवंत झाडापासून मेलेल्या ओंडक्यापर्यंत मागे मागे जाता येतं, आणि प्रत्येक वलयाला नेमकं वर्ष मिळतं.

पुढची पायरी आम्हाला फार आवडते. नदीचा मोजलेला येवा आणि वलयं, दोन्ही ज्या वर्षांची आहेत ती वर्षं घ्यायची. त्यातल्या काही वर्षांवर दोघांचा संबंध बसवायचा, आणि उरलेली वर्षं मुद्दाम झाकून ठेवायची. मग वलयांना विचारायचं, सांगा बघू, झाकलेल्या वर्षांत पाणी किती होतं? उत्तर पुरेसं जवळ आलं तरच मोजणीपूर्वीच्या शतकांकडे जायचं. म्हणजे साधन स्वतःची परीक्षा देऊन मग बोलतं. त्याला मर्यादा आहेत. अतिओल्या वर्षी झाडाला लागेल तेवढं पाणी मिळून जातं, त्यापलीकडे कितीही पडलं तरी ते नोंदवत नाही. दुष्काळाचा साक्षीदार म्हणून मात्र झाड पक्कं.

१९७६मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी या दोघांनी या पद्धतीनं कोलोरॅडोची काही शतकं मागे जाणारी मालिका मांडली. सरासरी निघाली साधारण १३५ लाख एकर-फूट, म्हणजे ५८८ टीएमसी. वाटलेले ७१९, असलेले ५८८. पुढच्या अभ्यासांत ही सरासरी थोडी वर सरकली, पण त्यांचा दुसरा निष्कर्ष टिकला: विसाव्या शतकाची पहिली दशकं ही त्या सगळ्या कालखंडातल्या सर्वांत ओल्या काळांपैकी एक होती. म्हणजे करार करणाऱ्यांच्या चुलीत नेमकी ओली लाकडं होती.

मग काय झालं? काही नाही. निष्कर्ष छापून आला, अभ्यासकांत मानला गेला, आणि सुमारे पंचवीस वर्षं धरणांचा कारभार होता तसाच चालला. इथे आपण जरा थांबू या. ज्ञान आहे म्हणजे ते वापरात आहे, असं आपण शिकलेली माणसं सहज धरून चालतो. व्यवस्थापकाची बाजू घेऊन बघा. त्याच्याकडे गणकावर चालणारं नदीचं प्रारूप असतं. त्यात वर्षामागून वर्ष येव्याचे आकडे भरायचे, मग कुठल्या महिन्यात कुठल्या जलाशयाची पातळी किती, हे बाहेर येतं. त्याला कुणी ‘चारशे वर्षांची सरासरी कमी आहे’ असं सांगितलं तर तो ते कुठे घालणार? आणि त्याचे जलाशय तर भरलेले होते. १९९९मध्ये लेक पॉवेल जवळजवळ काठोकाठ होता.

२००२ साली पॉवेलमध्ये नेहमीच्या सुमारे एक चतुर्थांशच पाणी आलं. २००५च्या वसंतापर्यंत तलाव एक तृतीयांशावर उतरला. त्यानंतर मात्र कॉनी वुडहाउस, जेफ लुकास अशा वलय-अभ्यासकांच्या आणि डेन्व्हर वॉटरसारख्या पाणीपुरवठा संस्थांच्या बैठका व्हायला लागल्या. शास्त्रज्ञांनी दर वर्षाचा आकडा असलेल्या मालिका दिल्या, प्रारूपात सरळ घालता येतील अशा. २००७मध्ये मीको आणि सहकाऱ्यांनी मालिका इसवी सन ७६२पर्यंत मागे नेली. त्यात बाराव्या शतकाच्या मध्याला २५ वर्षांचा असा एक काळ सापडला, ज्याची सरासरी मोजणीच्या शतकाच्या सरासरीच्या ८४ टक्क्यांहूनही कमी होती. मग प्रश्न विचारता आला: तो दुष्काळ आज पडला, आजची धरणं आणि आजची शहरं असताना, तर कोणत्या वर्षी काय कोरडं पडेल? त्याच वर्षी पॉवेल आणि लेक मीडसाठी टंचाईचे नियम झाले. मीडची पातळी समुद्रसपाटीपासून १०७५ फुटांखाली गेली की पहिली कपात. त्या नियमांच्या अभ्यासात वलयांच्या मालिका तपासायला वापरल्या होत्या. पहिली कपात जाहीर झाली ऑगस्ट २०२१मध्ये.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण एक अडचण आहे, आणि ती आपल्या विषयाचा गाभा आहे. वलयं काय सांगतात? भूतकाळ लांबवून दाखवतात. शंभर वर्षांऐवजी बाराशे वर्षांच्या लाकडांकडे बघायला मिळतं. पण उद्याही आग अशीच जळेल, हे गृहीत तसंच राहतं. २००८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मिली आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. त्याचं शीर्षकच होतं की स्टेशनॅरिटी मेली. स्टेशनॅरिटी म्हणजे काय, तर निसर्ग वरखाली होतो, पण एका न बदलणाऱ्या चौकटीत होतो, ही समजूत. धरणाची उंची, सांडव्याची रुंदी, पाण्याचे हक्क, सगळं याच समजुतीवर उभं. पुढे उडाल आणि ओव्हरपेक यांनी २०१७मध्ये दाखवलं की २००० ते २०१४ या काळात कोलोरॅडोचा येवा विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा १९ टक्के कमी होता, आणि त्यातला निदान एक तृतीयांश वाटा वाढलेल्या तापमानाचा होता. पाऊस-बर्फ तेवढाच पडूनही ऊन, तापलेली माती आणि झाडं पाणी आधीच घेऊन जातात. २०२०मध्ये मिली आणि डन यांनी हिशोब दिला: एक अंश सेल्सियस वाढीमागे सुमारे ९ टक्के घट. ही ती उपाधी. हजार वर्षांच्या वलयांना एवढ्या उष्ण दुष्काळाचा अनुभवच नाही.

मग हवामानाची प्रारूपं वापरा, असं कुणी म्हणेल. वापरतातच. पण तापमानाबाबत एका दिशेनं बोलणारी ही प्रारूपं पावसाबाबत एकमेकांशी भांडतात. कुणी नदी वाढवतं, कुणी घटवतं. व्यवस्थापक विचारतो, यातलं खरं कोणतं? आणि शास्त्रज्ञ प्रामाणिक असेल तर गप्प बसतो.

इथे एक सुंदर उलटापालट झाली. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली ती सर्वांत मोठी कमाई. ‘काय होणार?’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, ‘आपली व्यवस्था कशानं मोडेल?’ रँड या संस्थेतल्या अभ्यासकांनी ही पद्धत घडवली, आणि अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशननं २०१२च्या कोलोरॅडो अभ्यासात ती वापरली. मोजणीच्या मालिका, वलयांच्या मालिका, हवामान-प्रारूपांच्या मालिका, असे हजारो संभाव्य भविष्यकाळ घ्यायचे. कुठल्याही एकाला ‘खरं’ म्हणायचं नाही. प्रत्येकातून व्यवस्था चालवून बघायची आणि ती जिथे जिथे मोडते ती ठिकाणं गोळा करायची, मग त्यांच्यात समान काय ते शोधायचं. एक उदाहरण सांगतो. दर दहा वर्षांत खाली किमान ७५० लाख एकर-फूट जाऊ द्यायचं, हे वरच्या राज्यांवर बंधन आहे. ते कधी मोडतं? उत्तर निघालं: दीर्घ सरासरी १३८ लाख एकर-फुटांच्या खाली गेली आणि सलग आठ वर्षांची सरासरी ११२ लाखांच्या खाली गेली, तर. हे भाकीत नव्हे. हा एक उंबरठा आहे. आणि उंबरठ्यावर नजर ठेवता येते. भविष्य कळत नसलं तरी आठ वर्षांची सरासरी कुठे चालली आहे, हे दरवर्षी मोजता येतंच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं. तर आपल्या कृष्णेकडे बघा. बचावत लवादानं ७८ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा २०६० टीएमसी धरला. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत निदान एवढं पाणी येईलच. दुसऱ्या लवादानं १९६१-६२पासूनच्या ४७ वर्षांची मालिका घेतली, आणि त्याच ७५ टक्क्यांना आकडा आला २१७३. नदी तीच, टक्केवारी तीच, फरक ११३ टीएमसीचा. एका कोयनेहून जास्त! दोन्ही लवाद आपापल्या नोंदींशी प्रामाणिक होते. पण ‘विश्वासार्हता’ हा शब्द नदीचा गुण सांगतो असं आपल्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात तो आपण निवडलेल्या वर्षांबद्दल बोलत असतो.

समोरून चिठ्ठी आली आहे: आपल्याकडे झाडांची वलयं वाचता येतात का? येतात. पुण्याच्या आयआयटीएममध्ये सागवानाच्या वलयांवर काम झालेलं आहे. सागाला स्पष्ट वलयं येतात, आपल्याकडच्या सगळ्या झाडांना येत नाहीत.

दुसरी चिठ्ठी जरा तिखट आहे: ‘उंबरठा कळला म्हणून पाणी कोणी सोडतं का?’ नाही सोडत. २००७च्या नियमांची मुदत २०२६ अखेरपर्यंतची. त्यानंतरच्या नियमांसाठी ब्युरोनं एक वेब टूल खुलं केलं. त्यात कुणीही आपली स्वतःची नियमावली मांडून ती शेकडो भविष्यकाळांतून चालवून बघू शकतो. १९२२ साली टेबलापाशी नसलेल्या जमातीही. कुठल्या नियमावलीत कोणाचं शेत आधी सुकतं, हे साधन दाखवतं. कोणाचं सुकू द्यायचं, हे त्या सात राज्यांनी भांडूनच ठरवायचं आहे, आणि ते भांडतायत. या भांडणाकडे, म्हणजे वाटपातल्या न्यायाकडे, आपण पुढच्या वेळी येऊ.