आकारिक भाषेतील सदस्यत्व : गतिमान समांतर निर्णय

चिन्हमालिका दिलेल्या नियमांत बसते की नाही हे ठरविणे आणि तीतील एखादे चिन्ह बदलल्यास संपूर्ण मालिका पुन्हा न वाचता, अनेक प्रक्रियकांच्या साहाय्याने तो निर्णय अद्ययावत करणे, हा संगणनशास्त्रातील एक प्रश्न. येथे ‘भाषा’ म्हणजे नियमांत बसणाऱ्या मालिकांचा संच; अर्थाशी तिचा संबंध नसतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील ‘हर्णे’ या बंदराचे नाव संगणकात ह, र, पाय मोडण्याची खूण, ण व एकाराची मात्रा अशा पाच चिन्हांनी साठविले जाते. मात्रेच्या व पाय मोडण्याच्या खुणेच्या लगेच आधी व्यंजन हवे, असा नियम घेतल्यास हे नाव त्यात बसते. ‘ण’च्या जागी काना घातल्यास मालिका बाद होते. खूण काढल्यास मात्र ‘हरणे’ उरते. गावाचे नाव जाऊन क्रियापद आले, तरी नियमाची तक्रार नसते.

मोजक्या अवस्थांच्या यंत्राने तपासता येणाऱ्या अशा भाषेस ‘नियमित भाषा’ म्हणतात. मालिकेच्या प्रत्येक खंडासाठी, यंत्र कोणत्या अवस्थेत शिरले असता कोणत्या अवस्थेत बाहेर पडेल, याची नोंद ठेवतात. चिन्ह बदलल्यावर डावा खंड, नवे चिन्ह व उजवा खंड यांच्या जुन्या नोंदी जोडल्या की नवी नोंद मिळते. अशा सर्व नोंदी परस्परांवर अवलंबून नसल्याने एकाच वेळी बदलता येतात. म्हणून मालिका कितीही लांब असली, तरी पायऱ्यांची संख्या स्थिर राहते. सुशांत पटनाईक व नील इमरमन यांनी १९९४ मध्ये या विचाराला तर्कशास्त्रीय बैठक दिली. गेलाडे, मार्क्वार्ट व श्वेंटिक यांनी २००९ मध्ये संदर्भमुक्त भाषांसाठीही स्थिर पायऱ्या पुरतात असे दाखविले.

पायऱ्या थोड्या म्हणजे श्रम थोडे, असा समज मात्र चुकीचा ठरेल. १,०२४ चिन्हांच्या मालिकेत मधले चिन्ह बदलल्यास २,६२,६५६ खंडांच्या नोंदी बदलतात. खंडांची द्विशाखी वृक्षरचना केल्यास केवळ दहा जोडण्या पुरतात. परंतु त्या एकामागून एक कराव्या लागतात. मधला मार्ग म्हणजे प्रत्येक गाठीस ३२ शाखा ठेवणे. मग पातळ्या दोनच राहतात व प्रत्येक पातळीवर फार तर २७२ नोंदी बदलतात. शाखा कमी व पातळ्या अधिक करीत गेल्यास नियमित भाषांचे काम मालिकेच्या लांबीच्या हव्या तितक्या लहान धन घाताइतके खाली आणता येते, हे २०२१ मध्ये श्मिट, श्वेंटिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. सर्वच संदर्भमुक्त भाषांबाबत अशी काटकसर शक्य नाही, असे त्यांनी दाखविले. तो निष्कर्ष आलेखातील परस्परांशी जोडलेल्या बिंदूंचे गट शोधण्याविषयीच्या, अद्याप सिद्ध न झालेल्या अनुमानावर आधारलेला आहे.