रुग्णसेवकांचे आरोग्य : संस्थेचे प्रथम कर्तव्य

वार्षिक अहवालात किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्ण बरे होऊन घरी गेले, याची नोंद अभिमानाने केली जाते. ही सेवा ज्यांच्या हातून घडते त्या परिचारिका, आया, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ व सफाई कामगार यांच्या प्रकृतीची नोंदही तितक्याच आस्थेने व्हावयास हवी.

रुग्णालयातील कामाचा एक नित्याचा धोका म्हणजे वापरलेली सुई टोचणे. रुग्णाच्या रक्तात हेपॅटायटिस-बी या यकृतविकाराचा विषाणू असेल व कर्मचाऱ्याने लस घेतलेली नसेल, तर अशा जखमेतून संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे.

हेपॅटायटिस-बीची लस साधारणतः तीन मात्रांत दिली जाते : पहिली मात्रा, त्यानंतर एका महिन्याने दुसरी व पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून पुरेशी प्रतिकारद्रव्ये निर्माण झाली की नाहीत, हेही पाहावयाचे असते. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये कचरा हाताळणाऱ्या सर्वांस हेपॅटायटिस-बी व धनुर्वात यांपासून संरक्षण देणारे लसीकरण आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी ही रुग्णालयाची जबाबदारी ठरविण्यात आली. म्हणजेच ही सवलत नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे.

मात्र हक्क कागदावर असणे व तो हाती पडणे यांत अंतर असते. सुई टोचली तर जखम दाबून रक्त न काढता ती साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि तत्काळ वरिष्ठांस कळवावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. निष्काळजीपणाचा ठपका बसेल किंवा दिवसाची मजुरी बुडेल, या भीतीने एखाद्या कामगाराने जखम लपविली, तर नेमके हेच मोलाचे तास वाया जातात.

म्हणून लसीकरण व तपासणी कामाच्या वेळेतच व्हावी. औषधोपचार विनामूल्य व रजा भरपगारी असावी. अहवाल गोपनीय राहावा. आणि कंत्राटी कामगारही यातून वगळला जाऊ नये. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण न बसविता ती न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकण्याचे प्रशिक्षण सर्वांस मिळावे.

दात्यांच्या देणगीतून यंत्रसामग्री उभी राहते व तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लागते. लसीच्या तीन मात्रांवर अशी पाटी लागत नाही. तथापि पहाटे वॉर्ड झाडणारा हात निरोगी ठेवणे, हीदेखील रुग्णसेवाच होय.