मार्गारेट ऑलिफंट : लेखणीवर पेललेला संसार

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या मार्गारेट ऑलिफंट (१८२८–१८९७) यांनी नव्वदहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि या विपुलतेमागे प्रतिभेइतकाच घरखर्चाचा रेटा होता.

रंगीत काचचित्रांचे कलावंत असलेले त्यांचे पती १८५९ मध्ये रोम येथे क्षयाने वारले, तेव्हा दोन मुले पदरात, तिसरे पोटात आणि डोक्यावर कर्ज अशी त्यांची अवस्था होती. पुढे भावाचे दिवाळे निघाल्यावर त्याच्या कुटुंबाचा भारही त्यांनीच उचलला.

त्या काळी इंग्लंडात नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे आणि संचाची किंमत साडेएकतीस शिलिंग असल्यामुळे बहुतेक वाचक ती मुडी यांच्यासारख्या वर्गणीदार ग्रंथालयांतून आणत. हस्तलिखिताचे हक्क एकरकमी विकले, की पुढच्या खपाचा लाभ लेखकाला सहसा मिळत नसे. म्हणून मिळकत टिकवायची तर सतत नवे लिहिणे भाग पडे.

घाईने लिहिणारी लेखिका हा त्यांच्यावरील शिक्का मात्र ‘मिस मार्चबँक्स’ (१८६६) वाचल्यावर टिकत नाही. कार्लिंगफर्ड या काल्पनिक गावाचे समाजजीवन सुधारायला निघालेल्या ल्युसिलाची तीत जी मिस्किल थट्टा आहे, ती जॉर्ज एलियटच्या गंभीर चाहत्यांनीही चाखावी अशी आहे.

तिन्ही मुले त्यांच्या हयातीतच गेली. आत्मचरित्र मृत्यूनंतर, १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले.