वळणावरचा झोल
(गाडीच्या पोटाखाली : भाग ७)

आईला गाडी लागते. आमच्याकडे घाटाचा प्रवास म्हटला की आलेपाक, लिंबू आणि खिडकीजवळची जागा आधीच ठरलेली असते. पण गेल्या मे महिन्यात कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरताना पोफळी येईपर्यंत दोनदा थांबावं लागलं. गाडी नेहमीचीच, वेग चाळिशीच्या आत. तरी प्रत्येक वळणाला गाडी आधी बाहेरच्या अंगाला कलायची आणि वळण संपलं की उलट हेलकावा घ्यायची. या झोलाने मलाही मागच्या सीटवरून गरगरलं असतं.

एस.टी.त दांडा धरून उभे राहिलात की वळणावर काय होतं ते आठवा. पाय बसच्या तळाला टेकलेले असतात, ते बसबरोबर वळतात. वरचं अंग मात्र सरळ जाऊ पाहतं आणि तुम्ही बाहेर कलता. गाडीचंही तसंच. टायर रस्त्याला धरून वळतात, पण सगळं वजन त्यांच्या बरंच वर असतं. मग बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंग दबतात, आतल्या सैल होतात. वजन जितकं उंच, तितका झोल जास्त. म्हणून कॅरिअरवर बॅगा बांधून घाटात जाऊ नका. त्या डिकीत, तळाला ठेवा.

हा झोल आवरायला गाडीत एक खास भाग असतो, स्टॅबिलायझर बार. दोन्ही टोकं वाकवलेली पोलादी कांब. तिचा मधला भाग दोन रबरी बुशांत धरलेला असतो आणि टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. रस्ताभर पसरलेल्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली, तर कांब बुशांत नुसती फिरते. पण वळणावर एक बाजू दबली आणि दुसरी सुटली की तिला पीळ बसतो. ती तो पीळ सोडवू पाहते, म्हणजेच गाडीला सरळ ठेवू पाहते.

आमची गाडी पिटवर घेतली तेव्हा मिस्त्रींनी आधी लिंक रॉड हाताने हलवला. त्याचा बॉल जॉइंट बोटांनी खडखडत होता. मग बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला. गोल भोक अंडाकृती झालं होतं आणि रबराला कडेने भेगा होत्या. कांबेला पीळ बसायच्या आधी ती त्या मोकळ्या जागेतच हलत होती. पुढचे शॉकअबही (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तेलकट झालेले. दोन बुश, दोन लिंक रॉड आणि पुढच्या शॉकअबची जोडी बदलली, कंपनीचीच, आणि त्याच घाटात आई पोफळीपर्यंत गप्पा मारत आली. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : गाडी सुधारायला निघण्याआधी ती मुळात जशी होती तशी करा. बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअब संपले. वळणात स्थिरावल्यावर ती किती कलणार हे स्प्रिंग आणि बार ठरवतात, पण किती झटक्यात कलणार हे शॉकअब ठरवतात. लागोपाठच्या नागमोडी वळणांवर पोट ढवळतं ते या झटक्याने.

एवढं करूनही झोल खुपत असेल, तर जाड बार. कांबेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. म्हणजे तेवढ्याच लांबीची भरीव कांब २० मिलिमीटरऐवजी २२ ची घेतली, तर ताठपणा सुमारे ४६ टक्के वाढतो! दोन मिलिमीटरला कमी लेखू नका. आणि एका बाजूचा खड्डा लागला की जाड बार त्याचा धक्का दुसऱ्या चाकालाही पोचवतो, गाडी डोकं हलवल्यासारखी डावी-उजवी होते. आपल्या रस्त्यांवर एक पायरी वर जाणं पुरे.

बार कुठे बसवायचा हेही महत्त्वाचं. पुढचाच बार जाड केला तर पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार पडतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्या बहुतेक गाड्या तशाही वळणाबाहेर सरकू पाहतात, त्या आणखी सरकतील. मागे दोन्ही चाकं जोडणारा टॉर्शन बीम असेल तर तो स्वतःच पिळून बारचं काम करतो, आणि त्याला जोडायचे जादा बारही मिळतात. पण मागचा ताठपणा अति झाला तर ओल्या रस्त्यावर गाडीचं बूड घसरतं. आणि झोल कमी झाला म्हणून बाहेरच्या चाकांकडे सरकणारा एकूण भार कमी होत नाही. तो वजनाची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरतो. गाडी सरळ वाटते म्हणून वेग वाढवू नका.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं तर कुणीही करू नये. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात आपल्या बैठकीतून सुटू शकते. शिवाय मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र) असलेली गाडी फार खाली नेली की चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा कोन बिघडतो आणि झोल उलट वाढूही शकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच. पण गावोगावचे उंचवटे त्या मापाचे कुठे असतात? खाली बसवलेल्या गाडीचं पोट घासणारच. कुठलाही बदल केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा.

काम करून घेताना स्वतः उभे राहा. लोअर आर्म काढला असेल, तर त्याच्या बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी असताना. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच नव्या रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. शॉकअब काढले म्हणजे अलाइनमेंटही हलली; कॅम्बर आणि टो या चाकांच्या कोनांचं पुढच्या आठवड्यात.