एकोणऐंशी दिवस

२ जुलै १८८१. वॉशिंग्टनच्या बाल्टिमोर अँड पोटोमॅक रेल्वे स्टेशनात राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड सुट्टीवर निघाले होते. बरोबर परराष्ट्रमंत्री जेम्स ब्लेन होते. अंगरक्षक मात्र एकही नव्हता. लिंकन यांच्या खुनाला सोळाच वर्षं झाली होती, तरीही! चार्ल्स गिटोनं मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत घुसली.

गिटोनं निवडणुकीत गारफिल्डच्या बाजूनं एक भाषण छापून वाटलं होतं. तेवढ्यावर आपल्याला पॅरिसमध्ये वाणिज्यदूत म्हणून नेमलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट. यात निव्वळ वेड होतं असंही म्हणवत नाही. सत्ता आली की आपल्या माणसांना सरकारी नोकऱ्या वाटायच्या, हा तेव्हाचा रिवाजच होता आणि व्हाइट हाउसच्या दारात उमेदवारांची रीघ लागलेली असे. गिटो त्या रिघेतलाच एक. नोकरी मिळेना तेव्हा त्यानं पिस्तूल घेतलं, आणि तेही हस्तिदंती मुठीचं निवडलं. पुढे संग्रहालयात ते शोभून दिसेल म्हणून!

पाठीत शिरलेली गोळी मणक्यातून आरपार गेली, पण मज्जारज्जू वाचला. ती स्वादुपिंडामागे जाऊन निपचित बसली. तिला तशीच राहू दिली असती तर? अनेक अभ्यासकांच्या मते माणूस बहुधा जगला असता.

पण डॉक्टरांना गोळी हवी होती. स्टेशनच्या जमिनीवरच न धुतलेली बोटं जखमेत गेली आणि पुढचे कित्येक आठवडे जात राहिली. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८७६ साली फिलाडेल्फियात येऊन जंतुनाशनाचं महत्त्व सांगितलं होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच नामवंत डॉक्टरांनी ते कानाआड केलं. उपचारांची सूत्रं हाती घेतलेले विलर्ड ब्लिस त्यांपैकीच. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधणारं यंत्र घेऊन आले. ब्लिसनी त्यांना फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी होती डावीकडे. त्यातून पलंगाच्या गादीतल्या स्प्रिंगांनी यंत्राचा आणखी गोंधळ उडवला.

उकाडा असह्य होता. नौदलाच्या इंजिनिअरांनी बर्फावरून हवा खेळवून रुग्णाची खोली गार केली. पण पू वाढत गेला, अन्न पोटात ठरेना, धिप्पाड माणूस हाडांचा सापळा झाला. सप्टेंबरात त्यांना न्यू जर्सीच्या समुद्रकाठी, एल्बेरॉनला हलवलं. तिथं बंगल्याच्या दारापर्यंत रेल्वेचे रूळ टाकून ठेवले होते. १९ सप्टेंबरला त्यांनी प्राण सोडला.

खटल्यात गिटोचं एक म्हणणं होतं: मी फक्त गोळी झाडली, मारलं डॉक्टरांनी. वैद्यकीयदृष्ट्या त्यात बरंच तथ्य होतं. ज्यूरीला ते पटलं नाही. ३० जून १८८२ रोजी त्याला फाशी दिलं. नोकऱ्यांच्या खिरापतीला लगाम घालणारा पेंडल्टन कायदा १८८३ मध्ये आला. त्यावर सही केली गारफिल्ड यांच्या जागी आलेल्या चेस्टर आर्थर यांनी, आणि तेही त्याच खिरापतीवर वाढलेले! राष्ट्राध्यक्षांना कायमचा पहारा मिळायला मात्र १९०१ साली मॅकिन्ली या आणखी एका राष्ट्राध्यक्षांचा बळी जावा लागला.

संग्रहालयासाठी घेतलेलं ते पिस्तूल पुढे गहाळ झालं. गोळीनं भोक पाडलेला गारफिल्ड यांचा मणका मात्र अमेरिकेतल्या एका वैद्यकीय संग्रहालयात जपून ठेवला आहे. गिटोचे अवशेषही तिथंच आहेत.